कवळाण्याच्या गोपाळरावांचे राज्य

राज्यशास्त्राच्या तासाला भारताच्या घटनात्मक विकासाचे प्रकरण निघाले की आपण १८६१, १८९२, १९०९, १९१९ आणि १९३५ असे कायद्यांचे टप्पे ओळीने पाठ करतो आणि १९५० च्या राज्यघटनेपाशी येऊन थांबतो. या वाटचालीत एक गोष्ट नजरेतून सुटते. हे सारे कायदे मुख्यतः ब्रिटिश मुलखापुरते होते. देशाचा सुमारे दोन-पंचमांश भूभाग संस्थानिकांकडे होता आणि तेथील प्रजेचे बरेवाईट एका माणसाच्या स्वभावावर अवलंबून असे. संस्थानिक म्हटले की हत्ती, दरबार, शिकार आणि जवाहीर एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. अशा काळात ज्याने राज्यकारभार हाच आपला व्यवसाय मानला, त्या बडोद्याच्या श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांचे चरित्र विद्यार्थ्यांनी थोडे सावकाशीने वाचावे असे आहे. त्यात गौरव करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि विचारात पाडणारेही आहे.

सयाजीराव बडोद्याच्या वाड्यात जन्मले नाहीत. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे गाव आहे. तेथे गायकवाड घराण्याची एक दूरची शाखा शेतीवाडी करून राहत होती. त्या घरातील काशीराव गायकवाडांच्या पोटी मार्च १८६३ मध्ये गोपाळ हा मुलगा जन्मला. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे ज्याने आपल्या राज्यातील प्रत्येक मुलाला शाळेत बसविण्याचा कायदा केला, त्याचे स्वतःचे बालपण शाळेवाचून गेले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तिकडे बडोद्यात त्या वेळी मोठी उलथापालथ चालली होती. खंडेराव महाराज १८७० मध्ये वारल्यावर त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. त्यांच्या कारभाराविषयी तक्रारी वाढत गेल्या. दादाभाई नौरोजींना दिवाण म्हणून आणून घडी बसविण्याचा प्रयत्न झाला, पण रेसिडेंट कर्नल फेअर यांचा विरोध आणि दरबारातील ओढाताण यांत तो टिकला नाही. त्यातच १८७४ च्या अखेरीस फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. चौकशीसाठी तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासदांचे मंडळ नेमण्यात आले. ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे त्यातील हिंदी सभासद होते. इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध मानला, हिंदी सभासदांनी मानला नाही. मते अशी समसमान पडल्यावर हिंदुस्थान सरकारने विषप्रयोगाचा आधार सोडून दिला आणि गैरकारभाराचे कारण दाखवून एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले. त्यांना मद्रासला पाठविण्यात आले व तेथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला.

या प्रकरणाने एक गोष्ट साऱ्या संस्थानिकांना कळून चुकली. करारनाम्यांत काहीही लिहिलेले असो, गादी सार्वभौम सत्तेच्या मर्जीवर आहे. ही जाणीव सयाजीरावांच्या राजवटीच्या पायातच बसलेली होती, आणि पुढे त्यांच्या अनेक निर्णयांवर तिची सावली पडलेली दिसते.

खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून गोपाळ आणि आणखी दोन मुले बडोद्यास आणण्यात आली. येथे कशासाठी आलात, असे विचारल्यावर इतर मुले गोंधळली आणि गोपाळने मात्र आपण राज्य करायला आलो असल्याचे धीटपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले. पुढच्याच महिन्यात ते गादीवर बसले.

अज्ञानपणाच्या काळात कारभार सर टी. माधवराव यांच्या हाती होता. त्रावणकोर आणि इंदूर येथे दिवाणगिरी केलेला हा तंजावरकडील मराठी घराण्यातला मुत्सद्दी. त्यांनी वसुलाची इजाऱ्याची पद्धत मोडली, न्यायालये आणि खाती यांची मांडणी केली व खजिन्याला शिस्त लावली. तरुण महाराजांना त्यांनी राजधर्मावर जी व्याख्याने दिली ती पुढे पुस्तकरूपाने छापली गेली. राजाने स्वतःच्या लहरीवर कायद्याचे बंधन मानले पाहिजे, हा त्या साऱ्या शिकवणीचा गाभा होता. दुसरीकडे एफ. ए. एच. इलियट हे शिक्षक म्हणून लाभले. उशिरा सुरू झालेले हे शिक्षण सयाजीरावांनी कसून पुरे केले. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या १९ व्या वर्षी, त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

त्याच वर्षी मार्चमध्ये म्हैसूरचे राज्य वडियार घराण्याला परत मिळाले होते, आणि दिवाण रंगाचार्लू यांनी तेथे लगेच प्रतिनिधी सभा भरविली होती. आपल्या अंकाच्या कन्नड विभागाचे वाचक ती हकीकत चांगली जाणतात. बडोद्याला तसे काही व्हायला आणखी २७ वर्षे लागली. सयाजीरावांचा क्रम निराळा होता. आधी कारभार, मग शाळा, मग गाव, आणि सर्वांत शेवटी राजधानीतील सभा, असा तो क्रम होता.

बडोदे संस्थान एकसलग नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे त्याचे चार प्रांत गुजरातभर विखुरलेले होते आणि त्यांच्यामध्ये ब्रिटिश मुलूख व इतर संस्थाने पसरलेली होती. एकूण क्षेत्रफळ आठ हजार चौरस मैलांच्या थोडे वर आणि लोकसंख्या १९३१ साली सुमारे २४ लाख. यातली बहुसंख्य प्रजा गुजराती बोलणारी. राजा, सरदार, शिलेदार आणि पुष्कळसे अधिकारी मराठी. महाराजांनी दिवाणी कारभाराची आणि न्यायालयांची भाषा गुजराती ठेवली. मराठीचा वापर खासगी खात्यासारख्या ठिकाणी राहिला. मराठीवरचे त्यांचे प्रेम कमी नव्हते. १९३२ साली कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पण राजाच्या भाषेत प्रजेने अर्ज लिहावेत ही अपेक्षा त्यांनी ठेवली नाही. कारभारातील व कायद्यातील शब्द देशी भाषांत नेमके यावेत म्हणून त्यांनी अनेक भाषांतील प्रतिशब्दांचा ‘सयाजी शासन शब्दकल्पतरु’ हा कोश १९३१ मध्ये प्रसिद्ध करविला. कायदा ज्याला लागू होतो त्याला तो समजला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते. भाषेचा प्रश्न ज्यांच्या दाराशी रोज उभा असतो, अशा आपल्यासारख्या सीमाभागातील लोकांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

शिक्षणाचा प्रयोग त्यांनी प्रथम लहान प्रमाणावर केला. १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले. तेरा वर्षे अनुभव घेऊन १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू करण्यात आले, आणि मुलींनाही त्यातून वगळले नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्याजवळ दाखवायला देशातलाच एक नमुना होता, तो बडोद्याचा. ते विधेयक पुढल्या वर्षी फेटाळले गेले. जे साम्राज्याला परवडत नाही असे सांगण्यात आले, ते एका संस्थानात सहा वर्षे चालू होते.

शाळेत शिकलेला माणूस पुढे वाचायला काही नसेल तर शिकलेले विसरतो, हे ध्यानात घेऊन महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या तज्ज्ञाला १९१० मध्ये बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली गावोगावची वाचनालये आणि पेट्यांतून फिरणारी पुस्तके अशी व्यवस्था उभी राहिली. बडोदे कॉलेज, कलाभवन, प्राच्यविद्या मंदिर, १९०८ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बडोदा, या संस्थांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची यादी येथे लांबवीत नाही.

कारभाराच्या रचनेत त्यांनी जे बदल केले त्यांकडे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष पाहिले पाहिजे. जो अधिकारी सारा वसूल करतो आणि आरोप ठेवतो त्यानेच न्यायाला बसू नये, ही काँग्रेसची जुनी मागणी होती. ब्रिटिश मुलखात ती पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळली. बडोद्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, रमेशचंद्र दत्त यांच्या कारकिर्दीत, न्यायखाते आणि अंमलबजावणीचे खाते वेगळे करण्यात आले. अर्थशास्त्राचे अभ्यासक म्हणून गाजलेले दत्त १९०४ मध्ये महसूल मंत्री म्हणून आले, पुढे दिवाण झाले आणि १९०९ मध्ये बडोद्यातच वारले. याच काळात ग्रामपंचायतींना कायद्याचा आधार मिळाला आणि त्यांच्यावर तालुका व प्रांत पंचायतींची उतरंड रचण्यात आली. १९०८ मध्ये धारासभा स्थापन झाली. तिच्यात सरकारी, नेमलेले आणि निवडलेले असे तिन्ही प्रकारचे सभासद होते. त्यांना चर्चा करता येई, प्रश्न विचारता येत, कायद्याचे मसुदे तपासता येत. अखेरचा अधिकार मात्र महाराजांचाच होता.

समाजसुधारणेच्या कायद्यांनाही हाच मार्ग लाभला. बडोद्यात कायद्याला निबंध म्हणत. विधवाविवाहाचा निबंध, १९०४ चा बालविवाह प्रतिबंधक निबंध, पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा दिलीच पाहिजे असे सांगणारा पुरोहित निबंध, आणि १९३१ चा हिंदू घटस्फोटाचा निबंध असे ते एकामागून एक आले. धारासभेने लोकमत तयार करून हे कायदे करावेत एवढी वाट महाराजांनी पाहिली नाही. परिणाम असा झाला की बालविवाह करणाऱ्या कित्येक घरांनी दंडाची रक्कम लग्नाच्या खर्चातच धरायला सुरुवात केली. कायदा पुढे गेला आणि समाज दंड भरून मागे राहिला.

या अंतराचे सर्वांत बोचरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात सापडते. अस्पृश्यांच्या शाळा सयाजीरावांनी अधिकार हाती येताच सुरू केल्या होत्या. सवर्ण हिंदू शिक्षक तेथे शिकवायला येईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांना बोलावून या कामाची जबाबदारी दिली. जमखंडीत जन्मलेल्या विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९१८ मध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारणाची परिषद भरविली, तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वीकारले. तरुण आंबेडकरांना मुंबईच्या कॉलेजातील शिक्षणासाठी त्यांनी दरमहा शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पाठविले. करार असा होता की परतल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी. १९१७ मध्ये आंबेडकर त्याप्रमाणे आले. महाराजांनी त्यांना मोठ्या हुद्द्याची जागा दिली, पण राजधानीत राहायला खोली कोणी देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून त्यांनी आसरा घेतला. ओळख उघड होताच काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कचेरीतला शिपाईदेखील त्यांच्या हातात कागद द्यायला कचरत असे. काही दिवसांतच नोकरी सोडून ते मुंबईला परतले. सयाजीबागेतील ज्या जागी ते त्या दिवशी बसले होते, ती आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

राजाने त्यांना जगाच्या पाठीवरील एका थोर विद्यापीठात पोचविले होते. आपल्याच राजधानीतल्या एका खोलीत मात्र त्याला त्यांना ठेवता आले नाही. ज्या संस्थानात सक्तीचे शिक्षण होते, पंचायती होत्या आणि धारासभाही होती, तेथे हे घडले. महाराजांची सदिच्छा खोटी होती असे यावरून म्हणता येत नाही. पण एका माणसाच्या सदिच्छेवर उभा असलेला हक्क त्या माणसाच्या हाताइतकाच लांब पोचतो, एवढे यावरून कळते.

महाराजांच्या स्वतःच्या स्वातंत्र्यालाही मर्यादा होत्या. ते वारंवार परदेशी जात. प्रकृतीचे कारण असे, आणि पाहण्या-शिकण्याची हौसही असे. लॉर्ड कर्झन यांनी १९०० मध्ये संस्थानिकांच्या परदेशगमनावर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले, ते सयाजीरावांना अपमानास्पद वाटले. १८९३ पासून तेरा वर्षे बडोद्याच्या सेवेत असलेले अरविंद घोष आणि केशवराव देशपांडे यांच्यासारख्या माणसांमुळे सरकारचा संशय वाढतच होता. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात निजामानंतर मुजरा करण्याचा दुसरा मान सयाजीरावांचा होता. अंगावर मोजकाच पोशाख ठेवून ते गेले, थोडेसे वाकले आणि पाठ फिरवून परतले. मागे पावले टाकीत परतण्याचा शिष्टाचार त्यांनी पाळला नाही. इंग्रजी वृत्तपत्रांनी गदारोळ केला. काहींनी तर त्यांना गादीवरून काढण्याची भाषा केली. तो अपमान हेतुपुरस्सर होता की गोंधळातून घडला, यावर अजूनही वाद आहे. मात्र त्यांनी व्हाइसरॉयांना दिलगिरीचे पत्र पाठविले आणि ते प्रसिद्ध झाले, ही गोष्ट निर्विवाद आहे. मल्हाररावांचे काय झाले ते विसरणे त्यांना शक्य नव्हते.

घरातही सुख फार लाभले नाही. पहिल्या पत्नी लवकर वारल्या. युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, म्हणजे धारासभेच्याच वर्षी, गेले. पुढे शिवाजीराव आणि जयसिंहराव हे पुत्रही त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. तरीही कारभाराच्या फायली त्यांच्या मेजावर रोज येत राहिल्या. १९३०-३१ च्या गोलमेज परिषदेला ते लंडनला गेले. संस्थाने आणि ब्रिटिश मुलूख यांचे संघराज्य व्हावे या कल्पनेला त्यांचा पाठिंबा होता. त्याच परिषदेत अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून डॉ. आंबेडकर बसले होते.

आयुष्याच्या शेवटी त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो त्यांनी स्वतःच घडविलेल्या पिढीने विचारला होता. सक्तीच्या शाळांतून शिकलेली, वाचनालयांत वर्तमानपत्रे वाचणारी माणसे आता जबाबदार राज्यपद्धती मागू लागली. प्रजामंडळाची चळवळ वाढली. ऑक्टोबर १९३८ मध्ये भादरण येथे सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली प्रजामंडळाचे अधिवेशन झाले. पुढे जानेवारी १९३९ मध्ये सरदारांच्या बडोदे भेटीच्या वेळी शहरात दंगा झाला आणि त्याला मराठी विरुद्ध गुजराती असे दुर्दैवी वळण लागले. ज्या राजाने प्रजेची भाषा कारभाराची भाषा केली, त्याच्याच राजधानीत हे घडावे याचे वाईट वाटते. पण कचेऱ्या, मानकरी आणि नोकऱ्या यांत मराठी माणसांचा भरणा मोठा होता. भाषा दिली तरी सत्तेतला वाटा द्यायचा राहिला होता. परदेशातून आजारी होऊन परतलेल्या महाराजांचे ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत निधन झाले. जवळजवळ ६४ वर्षे ते गादीवर होते.

त्यांच्यानंतर नातू प्रतापसिंहराव आले. १९४० मध्ये नवा घटना कायदा होऊन धारासभेत निवडलेल्या सभासदांचे बहुमत झाले. १९४७ मध्ये घटना समितीत प्रतिनिधी पाठविण्याचा निर्णय घेणाऱ्या संस्थानांत बडोदे पहिले होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० मध्ये तो मुलूख गुजरातेत गेला.

घटना समितीत बडोद्याशी नाते असलेली माणसे महत्त्वाच्या जागी दिसतात. बडोद्याचे पूर्वीचे दिवाण व्ही. टी. कृष्णमाचारी समितीचे एक उपाध्यक्ष होते. दुसरे दिवाण बी. एल. मित्तर मसुदा समितीवर प्रथम नेमलेल्यांपैकी होते. आणि त्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, ज्यांना बडोद्यात राहायला खोली मिळाली नव्हती.

राज्यघटना उघडून पाहावी. कलम ४० ग्रामपंचायतींविषयी आहे, कलम ४५ मुळात सक्तीच्या व मोफत शिक्षणाविषयी होते, कलम ५० न्यायखाते वेगळे करण्याविषयी आहे. बडोद्याने या तिन्ही गोष्टी १९१० च्या आत करून पाहिल्या होत्या. घटनेने मात्र त्या मार्गदर्शक तत्त्वांत ठेवल्या. त्यांसाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. शिक्षणाचा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती यावी लागली आणि त्याचा कायदा २०१० मध्ये अमलात आला. याउलट अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ पहिल्या दिवसापासून मूलभूत हक्कांत बसले. कोणती गोष्ट राज्यकर्त्याच्या सदिच्छेवर सोडायची आणि कोणती त्याच्या हातून काढून नागरिकाच्या हाती द्यायची, हा निवाडा घटनाकारांनी केला होता. त्यांच्यातल्या एकाला तरी या दोहोंतला फरक बडोद्याच्या एका बागेत बसून कळला होता.

सयाजीरावांचे मोठेपण यामुळे कमी होत नाही. निरक्षर मुलगा म्हणून गादीवर बसलेल्या त्या राजाने आपल्या प्रजेला वाचायला शिकविले, आणि वाचायला शिकलेली प्रजा एक दिवस आपला अधिकार मागणार हे न समजण्याइतका तो भोळा नव्हता. अधिकार देताना त्याचा हात आखडला, हे खरे. पण मागणारे तयार करताना त्याने हात आखडला नाही. आज आपल्यापैकी बहुतेक जण सरकारी खर्चाच्या शाळेतून शिकून या महाविद्यालयात आले आहेत. ती शाळा आपल्याला कोणी दिली की आपण ती हक्काने घेतली, आणि ती घेतल्यावर आपण राज्यकर्त्यांना काय विचारले, याचा विचार प्रत्येकाने एकदा करून पाहावा.